दार क्रमांक ८८८

जालन्याच्या एमआयडीसीत कुठल्याही वजनकाट्याच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहावं. भंगार भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आत बसलेला माणूस गाडीचा नंबर टाइप करतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत काटापट्टी बाहेर काढतो: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. लेझर प्रिंटर येऊन जमाना झाला, तरी हा खडखड्या अजून टिकून आहे. त्याच्या सुया कागदावर प्रत्यक्ष आपटतात, त्यामुळे एकाच दमात कार्बनखाली दोन-तीन प्रती उठतात. लेझरला ते जमत नाही. मोंढ्यातल्या आडत दुकानांतही त्याचं बस्तान याच कारणाने बसलं.

हल्ली हा प्रिंटर यूएसबीनेही जोडतात. पण जुना संगणक असेल तर मागच्या बाजूला बोटभर जाडीची केबल दिसेल आणि ती काढली तर पंचवीस भोकांची एक पट्टी. पुस्तकात त्याला पॅरलल पोर्ट म्हणतात, दुरुस्तीवाले प्रिंटर पोर्ट म्हणतात आणि डॉसच्या काळातली मंडळी एलपीटी. (भोकांऐवजी पिना बाहेर आलेल्या असतील तर तो हा नव्हे, जुना सीरियल पोर्ट.) अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी ही जोडणी काढली. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी ती उचलली, संगणकाच्या बाजूला पंचवीस पिनांची करून, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जवळपास प्रत्येक पीसीच्या पाठीवर ती राहिली.

प्रिंटर जोडणं हे तिचं अधिकृत काम. पण संगणक शिकणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना ती आवडली ती वेगळ्याच कारणाने. आपण लिहिलेल्या प्रोग्राममधला एक आकडा संगणकाबाहेर येऊन तांब्याच्या तारेवरचा व्होल्टेज होतो, हे इतक्या थेट दाखवणारी दुसरी जागा पीसीवर नव्हती. आणि त्या जागेला हात लावायचा अधिकार प्रोग्रामला असावा का, हा प्रश्न त्याच ओघात उभा राहिला. त्याचं उत्तर पंधरा-वीस वर्षांत पार बदललं.

आधी बांधणी. पंचवीसपैकी १८ ते २५ या आठ पिना नुसत्या ग्राउंडच्या. उरल्या सतरा. त्यातल्या २ ते ९ या आठ डेटाच्या, बाहेर जाणाऱ्या. पाच पिना प्रिंटरकडून आत येणाऱ्या: दहावीवर ‘अक्षर पोचलं’, अकरावीवर ‘मी कामात आहे’, बारावीवर ‘कागद संपला’, तेरावीवर ‘मी तयार आहे’, पंधरावीवर ‘गडबड आहे’. आणि १, १४, १६, १७ या चार पिना हुकमाच्या. प्रोसेसरच्या दृष्टीने हे सगळं म्हणजे फक्त तीन पत्ते: ८८८ वर डेटा, ८८९ वर प्रिंटरची खबर, ८९० वर हुकूम. पुस्तकांत हेच हेक्समध्ये ३७८, ३७९ आणि ३७ए असं सापडेल. दुसरा पोर्ट असला तर तो बहुधा ६३२ वर, आणि फार जुन्या मशीनवर पहिलाच ९५६ वर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचे पत्ते वेगळे आणि असल्या पोर्टांचे वेगळे. पोर्टांचे पत्ते एकूण ६५,५३६ आणि तिथे पोचायला ‘इन’ आणि ‘आउट’ या जातीच्या खास आज्ञा.

समजा काटापट्टीवर इंग्रजी अक्षरांत जालना छापायचं आहे. पहिलं अक्षर जे. आस्की संकेतात त्याचा नंबर ७४, आणि ७४ म्हणजे ६४ अधिक ८ अधिक २. दुसरी पिन १ ची, तिसरी २ ची, चौथी ४ ची, पाचवी ८ ची, असं करत आठवी ६४ ची आणि नववी १२८ ची. तेव्हा ८८८ या पत्त्यावर ७४ लिहिलं की तिसरी, पाचवी आणि आठवी पिन वर चढते, बाकीच्या पाच शून्याजवळ राहतात. मल्टिमीटरची काळी वायर पंचविसाव्या पिनेला लावून लाल वायरीने एकेक पिन तपासली तर जे हे अक्षर हाताने मोजता येतं.

प्रिंटरला मात्र अजून काहीच कळलेलं नसतं. पिना कधी वाचायच्या हे त्याला सांगावं लागतं. म्हणून प्रोग्रामने आधी ८८९ वाचून प्रिंटर मोकळा आहे ना ते बघायचं, मग डेटा ठेवायचा आणि मग एक नंबरची पिन, जिला स्ट्रोब म्हणतात, निदान अर्धा मायक्रोसेकंद खाली ओढून सोडायची. ती खाली गेली की प्रिंटर आठही पिना वाचतो, ‘कामात आहे’ची तार वर करतो, अक्षर पोटात घेतो आणि दहाव्या पिनेवर पोच देतो. एका काटापट्टीत अशी दोन-तीनशे अक्षरं असतील तर हा सवाल-जवाब दोन-तीनशे वेळा होतो. सुयांच्या गतीपुढे त्याला लागणारा वेळ नगण्यच.

एक खोच इथे आहे आणि नवशिक्याची अर्धी रात्र तिच्यातच जाते. अकराव्या पिनेवरून येणारी खबर आत येताना उलटी होते: तार वर असेल तर बिट शून्य वाचला जातो. हुकमाच्या चारपैकी तीन पिना (१, १४ आणि १७) बाहेर जाताना उलट्या होतात. म्हणजे ८९० वर १ लिहिला की स्ट्रोब वर जात नाही, खाली जाते. सोळावी तेवढी सरळ. मूळच्या कार्डावर हे इन्व्हर्टर कुणीतरी सोय बघून बसवले आणि नंतरच्या प्रत्येक मदरबोर्डला जुन्या प्रोग्रामांसाठी ते जसेच्या तसे पाळावे लागले.

डॉसच्या काळात यातलं काहीही करायला परवानगी लागत नसे. क्यूबेसिकमध्ये ‘आउट’ लिहायचं किंवा टर्बो सीमध्ये ‘आउटपोर्टबी’, पुढे आधी पोर्टचा पत्ता आणि मग आकडा, आणि एंटर दाबताच पिन हलायची. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत टर्बो सी इतकी वर्षं का टिकली याला अभ्यासक्रमाचा आळस हे एक कारण आहेच, पण हार्डवेअरच्या मुलांना ती सोडवत नव्हती त्याचं कारण हे होतं. तंत्रनिकेतनात ८०८६ च्या आज्ञा फळ्यावर शिकायच्या आणि त्यातल्या ‘आउट’ आज्ञेने खरोखर एलईडी पेटवायचा तर समोरच्या पीसीवर हीच एक सोय. आठ एलईडींची धावती माळ, स्टेपर मोटर, ट्रॅफिक सिग्नलचं मॉडेल, सातपट्टीवर मोजणारे आकडे: प्रोजेक्टांच्या यादीत ही नावं वर्षानुवर्षं तीच असायची. ८०५१ जातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरायची स्वस्त केबलसुद्धा याच पोर्टवर चालायची, चार-पाच तारा आणि फार तर एक बफर चिप.

व्यापारानेही या उघड्या दाराचा फायदा घेतला. मराठी अक्षरजुळणीच्या महागड्या सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढं एक ‘लॉक’ मिळायचं. ते या पोर्टला लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर. प्रोग्राम अधूनमधून पिनांवर ठरावीक आकडे टाकून बघायचा, लॉकने बरोबर उत्तर दिलं तरच फाइल उघडायची. आठवड्याच्या अंकाची पानं लावता लावता ते लॉक सैल झालं की डीटीपीवाल्याचा जीव कसा टांगणीला लागायचा, हे त्या काळी छापखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. मराठी मजकूर, त्याचा प्रिंटर आणि त्याचं कुलूप, तिन्ही एकाच पंचवीस भोकांतून जात होतं.

मग हे दार बंद का झालं? घनसावंगी-अंबडकडच्या, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजेल. पाटाचं दार ज्याला त्याला उघडता आलं तर शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही, म्हणून पाटकरी लागतो. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, भांडायला दुसरा नव्हताच. पण एकाच संगणकावर दहा प्रोग्राम चालू लागले आणि एक काटापट्टी छापत असताना दुसऱ्याने ८८८ वर आपला आकडा टाकला, तर निव्वळ वजनाच्या जागी भलतंच अक्षर उमटणार. शिवाय ६५,५३६ पत्त्यांत नुसता प्रिंटर नाही, हार्ड डिस्कचा कंट्रोलर, कीबोर्ड आणि घड्याळही आहेत. सगळी दारं उघडी ठेवणं म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला डिस्क पुसायची मुभा देणं.

प्रोसेसरमध्ये त्याची तजवीज फार आधीच झाली होती. १९८२ च्या ८०२८६ ने अधिकाराच्या पायऱ्या आणल्या: सगळ्यात आतल्या पायरीवर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, बाहेरच्या पायरीवर तुमचे-आमचे प्रोग्राम. १९८५ च्या ८०३८६ ने त्यात एक नकाशा घातला. प्रत्येक पोर्टासाठी एक बिट. बिट शून्य असेल तर या प्रोग्रामला तो पत्ता खुला, एक असेल तर बंद. सगळ्या पत्त्यांचा नकाशा ८ किलोबाइटमध्ये मावतो. प्रोग्रामने बंद पत्त्यावर ‘आउट’ चालवलं की प्रोसेसर ती आज्ञा पुरी करत नाही, कर्नलला हाक मारतो.

विंडोज ९५ आणि ९८ ने याकडे कानाडोळा केला, कारण डॉसचे प्रोग्राम चालत राहणं त्यांच्या धंद्याला हवं होतं. १९९३ ची विंडोज एनटी मात्र कडक होती आणि २००१ मध्ये तिचाच वंशज एक्सपी घराघरांत आला. काल चालणारा एलईडीचा प्रोग्राम आज ‘प्रिव्हिलेज्ड इन्स्ट्रक्शन’ अशी तक्रार करून मरू लागला. लोकांनी पळवाटा काढल्या. १९९६ मध्ये डेल रॉबर्ट्स या प्रोग्रामरने ‘गिव्ह-आयओ’ नावाचा इवलासा ड्रायव्हर प्रसिद्ध केला. तो कर्नलमध्ये शिरून वरचा नकाशाच कोरा करायचा आणि त्या प्रोग्रामला सगळीच्या सगळी दारं मिळायची. पुढे ‘इनपआउट-३२’सारख्या फाइली आल्या, ज्या स्वतः कर्नलमधून पोर्टला हात लावतात आणि प्रोग्रामला फक्त दोन फंक्शनं देतात. काम भागलं, पण पाटकऱ्याला कटवून.

लिनक्सने हा प्रश्न जास्त सभ्यपणे सोडवला असं माझं मत आहे. तिथे दोन रस्ते आहेत. पहिला ‘आयओपर्म’ नावाच्या सिस्टिम कॉलचा: पहिला पत्ता ८८८, पुढचे तीन, द्या. कर्नल नकाशातले तेवढेच तीन बिट शून्य करतो. मात्र मागणारा रूट, म्हणजे मशीनचा मालक, असायला हवा. परवानगी मिळाल्यावर प्रोग्रामने रूटचा अधिकार सोडून दिला तरी ती तीन दारं उघडी राहतात, आणि शहाण्याने सोडावाच. दुसरा एक कॉल, ‘आयओपीएल’, सगळीच दारं एकदम उघडतो. आळशी माणूस तो वापरतो.

आळसाची किंमत एका उदाहरणात दिसते. टर्बो सीच्या फंक्शनमध्ये आधी पत्ता आणि मग आकडा, तर लिनक्सच्या ‘आउटबी’मध्ये आधी आकडा आणि मग पत्ता. कॉलेजच्या सवयीने कुणी क्रम उलटा लिहिला, तर ८८८ वर ७४ जाण्याऐवजी ७४ या पत्त्यावर ८८८ चा खालचा बाइट, म्हणजे १२०, जातो. पीसीचा टायमर ६४ ते ६७ या पत्त्यांवर बसतो, तेव्हा ७४ अगदी त्याच्या शेजारी. तुम्ही फक्त तीन दारं मागितली असतील तर प्रोग्राम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून तिथेच थांबतो आणि चूक लगेच सापडते. सगळी दारं उघडून ठेवली असतील तर कुणी अडवत नाही. डॉसमध्ये तर अडवणारा नव्हताच.

दुसरा रस्ता ‘पीपीडेव्ह’चा, लिनक्सच्या २.४ आवृत्तीपासूनचा, म्हणजे २००१ पासूनचा. यात पोर्ट ही एक फाइल होते, ‘डेव्ह’ फोल्डरमधली ‘पारपोर्ट-०’. ती उघडायची, पोर्टवर ताबा मागायचा, आकडा लिहायचा, खबर वाचायची, ताबा सोडायचा. रूट व्हायची गरज नाही, फाइलची परवानगी पुरते. बहुतेक लिनक्सवर आपलं नाव ‘एलपी’ गटात घातलं की झालं. दुसऱ्या प्रोग्रामचं छापणं चालू असेल तर तुमचा ताबा थांबून राहतो. पत्ता माहीत असण्याचीही गरज नाही, आणि हा मोठा फायदा आहे, कारण पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेल्या नव्या कार्डांचे पत्ते ८८८ नसतात, कुठेतरी हजारांत असतात. अलीकडच्या बऱ्याच लिनक्सवर सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल ‘लॉकडाउन’मध्ये जातो आणि रूटलाही ‘आयओपर्म’ नाकारतो. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने म्हणूनच पहिल्या रस्त्याच्या वाटेला जाऊ नये.

परवानगी मिळाली तरी वेळेचा प्रश्न उरतोच, आणि तो मला परवानगीपेक्षा अवघड वाटतो. याचं चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटरमध्ये २००४ च्या सुमारास ‘फिनिक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. अजित कुमार हे त्यामागचे शास्त्रज्ञ. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला परवडेल असा मोजमापाचा डबा बनवायचा आणि तो साध्या पीसीने, पायथनमध्ये लिहिलेल्या चार ओळींनी चालवायचा. सुरुवातीचा डबा पॅरलल पोर्टवर चालायचा.

अशा डब्यावरचा एक नेहमीचा प्रयोग गुरुत्वाकर्षणाचा. विद्युतचुंबकाने लोखंडी गोळी धरून ठेवायची, एक बिट शून्य करून ती सोडायची, खाली आपटताच आत येणारा एक बिट बदलतो, मधला वेळ मोजायचा. तीस सेंटिमीटर पडायला सुमारे ०.२४७ सेकंद लागतात आणि त्यावरून जी ची किंमत ९.८ येते. आता मोजणारा आपला साधा प्रोग्राम असेल आणि नेमक्या त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला बाजूला ठेवून दुसऱ्याला दहा मिलिसेकंद दिले, तर वेळ ०.२५७ येतो आणि जी घसरून ९.१ च्या आसपास. भौतिकशास्त्र बरोबर, वायरिंग बरोबर, आणि उत्तर चूक. म्हणून फिनिक्सवाल्यांनी वेळेची मोजणी कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे दिली. नंतर त्यांनी डब्यातच मायक्रोकंट्रोलर घातला आणि पीसीशी बोलणं सीरियल पोर्टवर, पुढे यूएसबीवर नेलं. त्याचीच पुढची आवृत्ती ‘एक्सपाइज’ आज कॉलेजांत दिसते.

सीएनसी मशीन चालवणाऱ्यांनाही हाच काटा टोचला. स्टेपर मोटरला ठोके अगदी समान अंतराने लागतात, एक ठोका उशिरा पडला की कटिंगवर खाच उठते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या कामातून वाढलेलं ‘लिनक्स-सीएनसी’ त्यासाठी रिअल-टाइम कर्नल वापरतं, आणि ते अजूनही पॅरलल पोर्टवर चालतं.

जुना पीसी हाताशी असेल आणि कुणाला हे करून बघायचं असेल, तर विजेचं भान ठेवा. ही पिन काही मिलिअँपिअरपुरतीच आहे. एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. रिले किंवा मोटर थेट जोडू नका, मध्ये यूएलएन-२००३ सारखी ड्रायव्हर चिप हवीच, आणि पलीकडे २३० व्होल्ट असतील तर ऑप्टोकपलरसुद्धा. अनुभवी माणसंही विसरतात अशी एक गोष्ट म्हणजे संगणक चालू होताना बायोस आणि ऑपरेटिंग सिस्टिम, प्रिंटर आहे का हे बघायला, पिना आपल्या मनाने हलवून पाहतात. तुमचा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच रिले दोन-तीनदा टकटक करू शकतो. शेतातल्या पंपाचा स्टार्टर असा जोडलेला असला तर ते टकटकणं महागात पडेल.

डॉस गेल्याची हळहळ करणारे मित्र मला भेटतात आणि मला ती कळते, पण पटत नाही. आज शिकायचं तर आर्डुइनोचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, त्यात पिन हलवायला कुणाची परवानगी लागत नाही, वेळही नेमकी पाळली जाते आणि चूक झाली तर बोर्ड जळतो, संगणक नाही. जुन्या पोर्टकडे वळावं ते ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं काय अडवते आणि का, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर. त्यासाठी तंत्रनिकेतनाच्या कोपऱ्यात पडलेला एक पेंटियम, त्यावर लिनक्स आणि आठ एलईडी पुरेत. शिक्षकांनी आधी परवानगी न मागता प्रोग्राम चालवून दाखवावा, मग मागून.

बाजारात यूएसबी टू पॅरलल अशी केबल मिळते, ती मात्र या कामासाठी घेऊ नका. तिच्या आत एक चिप असते, ती फक्त प्रिंटरची भाषा जाणते. तिच्यामागे ८८८ नावाचं दारच नसतं. पैसे घालवायचेच असतील तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड घ्या.